घर्षण नगण्य माना

त्या इमारतीत सरांना सगळे सरच म्हणत. पेपरवाला म्हणे, शेजारी म्हणत, लिफ्टमध्ये पहिल्यांदाच भेटलेली माणसंसुद्धा का कोण जाणे, 'सर' म्हणूनच हाक मारत. शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी त्यांचं सरपण काही निवृत्त झालं नव्हतं. जिन्यात कुणाच्या हातून पिशवी निसटली की सर थांबून गुरुत्वाकर्षणाविषयी दोन शब्द बोलत आणि पिशवी उचलायला मदत करायचं विसरून पुढे जात. जन्मभर त्यांनी पदार्थविज्ञान शिकवलं. फळ्यावर असंख्य ठोकळे उतारावरून सोडले, गाड्या एकमेकींवर आदळवल्या, आणि जवळजवळ प्रत्येक गणिताच्या शेवटी एक वाक्य लिहिलं : घर्षण नगण्य माना. या वाक्यावर त्यांचा फार जीव. एवढं एक वाक्य लिहिलं की गणित कसं धुतल्यासारखं स्वच्छ होतं! प्रत्यक्षात मात्र सरांनी स्वतःच्या हाताने सरकवलेली सर्वांत जड वस्तू म्हणजे जेवणाच्या टेबलाची खुर्ची. तीही बसल्या बसल्या, पुढे.

अशा माणसाने एका सकाळी लोखंडी कपाट हलवायला घेतलं, याला कारण वहिनींचा गुडघा.

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते, आपणही म्हणू. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले उत्तम झालं, आणि वहिनी म्हणाल्या, "उत्तम तुम्हाला, पाय माझा आहे." हॉस्पिटलात व्यायाम शिकवणारी मुलगी रोज येई, वॉकर पुढे करी. पहिल्या दिवशी वहिनी दोन पावलं चालल्या, पाय लटपटला, आणि त्यांनी जी खाट धरली ती धरलीच. मुलीने समजावलं, रागावलं, लाडीगोडी लावली. वहिनी ढिम्म. "हा पाय मला माझा वाटतच नाही," त्या सरांना हळूच म्हणाल्या. "कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटतो. त्याच्यावर भार कसा टाकू?" आणि मग थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "मी आता खाटेवरचीच. निदान घरची माझी खाट खिडकीपाशी लावा. रस्ता तरी दिसेल."

घरात कशालाही न घाबरणारी ही बाई. ती असं बोलली! भीती कशी काढायची हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. खाट हलवणं मात्र पुस्तकात होतं. "एवढंच ना? आजच करतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "लावलीत का?" तर सर म्हणाले, "झालं की!" त्या क्षणी त्यांनी कपाटाकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. पण वहिनींच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जरा उजेड आला आणि तो घालवायची सरांची छाती झाली नाही.

आता आज संध्याकाळी लेक आईला घरी घेऊन येणार होती, आणि झोपायच्या खोलीतली खिडकी अडवून ते कपाट उभं होतं. ते बोळातून बाहेरच्या खोलीत न्यायचं, मग खाट खिडकीपाशी. बोळ म्हणजे दोन खोल्यांमधली अरुंद वाट. अंतर फारसं नव्हतं. फळ्यावर तर अजिबातच नव्हतं.

सरांनी बाह्या सरसावल्या, कपाटाला खांदा लावला आणि रेटलं. कपाट जागचं हललं नाही. त्यांनी जोर वाढवला. कपाट तसंच. स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते हे ते वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते, पण ती इतक्या निर्लज्जपणे स्थिर राहते हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. कपाट रिकामं करावं, तर त्याला कुलूप. किल्ली वहिनींच्या पर्समध्ये, पर्स वहिनींच्या उशाशी. आणि किल्ली मागायची म्हणजे कालचं 'झालं की' उघडं पडायचं. सर खाटेवर टेकले, त्यांनी घाम पुसला आणि शत्रू कोण ते ओळखलं. शत्रू कपाट नव्हतं. शत्रू होतं घर्षण.

इथे दुसरा कुणी असता तर माणसं बोलावायला गेला असता. पण सर फळ्याच्या मुशीतले. घर्षण नको ना? मग ते नगण्य करू. त्यांनी स्वयंपाकघरातून भांडी घासायच्या साबणाची मोठी बाटली आणली, बादलीभर पाण्यात ती रिकामी केली आणि फडक्याने खोलीची फरशी साबणाने सारवून काढली. कपाटाच्या पायांखाली तर त्यांनी नळीने साबण सोडला. पुढे अडायला नको म्हणून अख्खा बोळही, बाहेरच्या खोलीपर्यंत, आधीच बुळबुळीत करून ठेवला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. फरशी अशी चकचकत होती की सरांना तिच्यात आपलं समाधान दिसत होतं.

मग भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत शिरून त्यांनी दोन्ही हात कपाटाला लावले आणि मनापासून रेटलं. तुम्ही वस्तूला ढकलता तेव्हा वस्तू तुम्हाला तितक्याच जोराने उलट ढकलते. हे सरांना ठाऊक होतं. पण मग माणूस मागे का जात नाही? तर त्याचे पाय जमिनीला धरून असतात म्हणून. हा भाग प्रश्नपत्रिकेत कधी आला नव्हता. कपाट होतं तिथेच राहिलं, सरांचे दोन्ही पाय मात्र मागे निसटले आणि ते तोंडघशी, म्हणजे खरं तर हनुवटीघशी, कपाटाला घासत खाली उतरले. पुन्हा उठले. पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी त्यांनी आधारासाठी पडदा धरला आणि पडदा दांडीसकट त्यांच्यासोबत आला.

दांडी पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर व्यवस्थित पोचला. दार उघडंच होतं. खालच्या काकू आधी आल्या आणि साबणाच्या अलीकडेच थांबल्या. "सर, पडलात का?"

"प्रयोग चाललाय," आतून आवाज आला.

"लागलंय का?"

"निरीक्षण अजून पूर्ण व्हायचंय."

काकूंनी मान मागे वळवून विमावाल्यांना हाक मारली. विमावाले समोरच राहतात. जगात काय काय होऊ शकतं याची त्यांना व्यवसायामुळे पूर्ण माहिती, त्यामुळे त्यांचा चेहरा कायम सांत्वनाला आल्यासारखा. "मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, जरी या विषयावर ते आजवर काहीच म्हणाले नव्हते. "या वयात मणका गेला की गेला." मग सल्ले सुरू झाले. काकू म्हणाल्या, पायाखाली बटाटे घाला, माझ्या भावाने कपाट बटाट्यांवरून नेलं होतं. विमावाले म्हणाले, दोर बांधा. काकूंनी विचारलं, तुमच्याकडे आहे का दोर? ते म्हणाले, नाही, पण बांधावा. सल्ला देणाऱ्याकडे सामान असायलाच हवं असा काही नियम नाही.

तरी सरांना एक आधार मिळाला. विमावाले चप्पल काढून, भिंत धरत, आत आले. दोघांनी मिळून भिंतीला पाठी लावल्या आणि पायांनी कपाट रेटलं. भिंत हलणारी नव्हती, म्हणून या खेपेला कपाटच हललं. इंचाइंचाने ते खोलीच्या दारापर्यंत आलं, चौकटीत शिरलं आणि तिथे बसलं. विमावाल्यांना तेवढ्यात फोन आला, ते कपाटाच्या कडेने अंग चोरून बाहेर गेले, आणि इतक्यात सेक्रेटरी हजर झाले.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. तसा मनुष्य वाईट नाही, पण नियम हा त्यांचा प्राण. जिन्याच्या वाटेत वस्तू ठेवायला मनाई, असा नियम त्यांनी मागे काढला आणि दारादारांतली पायपुसणी जप्त करून ऑफिसच्या खोलीत कोंडून ठेवली. तेव्हापासून सगळी इमारत चिखलाचे पाय घेऊन घरात जाते आणि त्यांच्याशी बोलताना खोटं हसून दात दाखवते. "सामान हलवायचं तर लेखी अर्ज लागतो," सेक्रेटरी दारातून म्हणाले.

"घरातल्या घरात हलवतोय," कपाटामागून सर म्हणाले.

"दिसत नाहीये आपण कुठून बोलताय ते."

"कपाटामागून."

"म्हणजे कपाट जागेवरून हललंय. म्हणजे सामान हलवलंय. अर्ज लागेल." मग थोडं थांबून, "आपण बाहेर कसे येणार?"

हा प्रश्न सरांनी स्वतःला अजून विचारला नव्हता. दाराची चौकट कपाटाने भरून टाकली होती, विमावाले निसटले त्या धक्क्याने कपाट तिरकं होऊन मघाची फट बुजली होती. सर आत, जग बाहेर. त्यांनी जोर लावला. खाटेला पाय टेकून, दात खाऊन, सगळी पुण्याई पणाला लावून. कपाट तसूभरही हलेना. किती वेळ गेला कोण जाणे, पण दमून कान टेकला तेव्हा त्यांना कपाटाच्या पलीकडून धापा ऐकू आल्या.

"कोण आहे?"

"मीच," विमावाले पलीकडून धापा टाकत म्हणाले. "काळजी करू नका, सर, मघापासून ढकलतोय. जातंच कसं नाही आत बघतो."

"आत? अहो, ते बाहेर न्यायचंय!"

पलीकडचं ढकलणं थांबलं. "मला वाटलं, नवीन घेतलंत," विमावाले म्हणाले. मघाशी स्वतःच ते आतून रेटणारा माणूस! पण फोनवर बोलून परत येईपर्यंत त्यांच्या मनात सगळ्याच दिशा फिरल्या होत्या. एकाच वस्तूवर दोन बाजूंनी सारखंच बल लावलं तर वस्तू हलत नाही. सरांनी हे शिकवलं होतं. विमावाले शाळेत असताना हे शिकलेही असतील.

शेवटी सूत्रं सेक्रेटरींनी हाती घेतली. गोंधळ त्यांना अर्जापेक्षाही जास्त खुपत होता. त्यांनी खिशातून पेन काढून दिशा दाखवली, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवून दिलं आणि आकडे मोजले. सर आतून रेटणार, हे दोघे बाहेरून ओढणार. तीनच्या आकड्याला कपाट सुटलं. सुटलं ते सुटलंच. बसलेली वस्तू हलेना म्हणून सकाळपासून सरांचा जीव गेला होता, आता हललेली वस्तू थांबेना. साबणाने मढवलेल्या बोळात ते कपाट असं निघालं की विमावाल्यांनी एका भिंतीला पाठ लावली, सेक्रेटरींनी दुसऱ्या, आणि काकू बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर उभ्या राहिल्या. मागून सर ओरडत होते, "थांबवा! थांबवा!" आणि स्वतःही कपाटामागून त्याच वेगाने बसल्या बसल्या येत होते.

बोळाच्या मध्यावर एक फरशी कधीची तडकलेली होती. ती बदलून घ्या, असं वहिनी वर्षभर म्हणत होत्या. कपाटाचा पुढचा पाय तिच्यावर आला, फरशी खचली, पाय खड्ड्यात गेला आणि कपाट भिंतीला चिकटून असं उभं राहिलं की जणू त्याला तिथेच बांधून घेतलं होतं. सगळ्यांनी मिळून ओढलं. रेटलं. सेक्रेटरींनी पुन्हा आकडे मोजले. काही नाही. निम्मा बोळ कपाटाने खाल्ला होता आणि उरलेल्या वाटेने एक माणूस जेमतेम जात होता.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा. "बाबा, आम्ही निघालोय. आई चालायला तयार नाहीये, चाकांची खुर्ची घेतलीय बरोबर. थेट खाटेपर्यंत नेऊ तिला. वाट मोकळी आहे ना?"

सरांनी वाटेकडे पाहिलं. चाकांची खुर्ची जाणं शक्य नव्हतं. वॉकरही जाणं शक्य नव्हतं. आणि जो चालत जाईल तो साबणावरून जाईल. "हो हो, या," असं काहीतरी ते बोलले, फोन ठेवला आणि ओल्या फरशीवरच बसून राहिले. हनुवटी सोललेली, विजारीला फेस. "तिने एवढं एकच मागितलं होतं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. "आणि मी घराची घसरगुंडी करून ठेवली. नवा गुडघा घेऊन येतेय ती. पडली तर?"  

पहिल्या हलल्या काकू. त्यांनी पदर खोचला. "बादली कुठंय? आधी साबण काढूया." मग कुणी सल्ला दिला नाही, ही त्या दिवसातली सर्वांत मोठी नवलाई. काकूंनी स्वच्छ पाणी मारलं, विमावाल्यांनी घरून जुन्या चादरी आणल्या आणि गुडघ्यांवर बसून, स्वतःच्या मणक्याचा विचारही न करता, कोपरा न् कोपरा कोरडा केला. सेक्रेटरी मात्र निघून गेले. सरांना वाटलं, अर्जाचा नमुना आणायला गेले असतील.

सेक्रेटरी परत आले ते छातीपासून हनुवटीपर्यंत पायपुसणी घेऊन. जप्तीची. तळाला रबर असलेली, काथ्याची, 'सुस्वागतम्' लिहिलेली, एक मांजराच्या आकाराचं. ती त्यांनी खाली ठेवली आणि कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाले, "तात्पुरती देतोय. यांना पकड चांगली आहे."

सर उठले. आता त्यांच्या अंगात खरा मास्तर आला. प्रत्येक पायपुसणं त्यांनी फरशीवर टाकून टाचेने रेटून पाहिलं, जे सरकलं ते बाद, जे चिकटलं ते पास. काथ्याची सगळी नापास झाली, मांजर पहिल्या वर्गात पास. रबराची बोळभर एकाला एक भिडवून लावली. मग सगळ्यांनी घसरायचा प्रयत्न केला. विमावाले पाय घासत चालले, काकूंनी मुद्दाम तोल टाकला, आणि सेक्रेटरी तर चक्क धावत आले आणि मधेच गचकन थांबले. कुणी घसरलं नाही. सकाळपासून ज्याला शत्रू समजून हाकलत होते तेच घर्षण सर आता दारोदारचं गोळा करून पसरत होते, आणि त्यांना ते पुरेसं वाटत नव्हतं. चौघांनी मिळून आतली खाट खिडकीपाशी लावली. तिला काही कुलूप नव्हतं, ती बिचारी मुकाट गेली.

लिफ्टचा आवाज आला. लेकीने खुर्ची आत ढकलली, बोळापर्यंत आणली आणि थांबली. वहिनींनी कपाट पाहिलं. पायपुसणी पाहिली. चार माणसं ओळीने भिंतीला उभी पाहिली. सरांची हनुवटी जरा जास्त वेळ पाहिली.

"काल झालं म्हणाला होतात ना?"

"खाट झालीय," सर म्हणाले. "खिडकीपाशी आहे. फक्त... मधे कपाट आहे."

"आणि मी जाऊ कशी?"

 लेक म्हणाली, आपण उचलून नेऊ आईला. विमावाले पुढे झाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. उचलून न्यायचं, म्हणजे संपलंच की सगळं. सर खाली वाकले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं बोलायचं म्हणून बोलले, पण ते मास्तर, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"अगं, हे कपाट आम्ही चौघांनी रेटलं. हलत नाही. तू त्याच्यावर जेवढा भार टाकशील तेवढंच ते तुला उलट रेटेल. कमी नाही, जास्त नाही. त्याला चुकताच येत नाही. पायावर नको विश्वास ठेवू. याच्यावर ठेव."

"इतकी वर्षं ऐकतेय तुमचं हे," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी हात पुढे केला. आधी बोटं, मग तळवा. कपाट थंड होतं आणि जागचं हललं नाही. त्या लेकीचा हात धरून उभ्या राहिल्या.  सरांचे हात दोन्ही बाजूंनी हवेतच पसरले, पण त्यांनी ते लावले नाहीत. वहिनींनी कपाटाची मूठ धरली, उसना पाय मांजराच्या पाठीवर टेकवला आणि त्याच्यावर भार टाकला. पाय घसरला नाही. त्यांनी दुसरा पाय उचलला.

 कपाट संपलं, मग दाराची चौकट आली, चौकटीनंतर खाटेचा दांडा. वहिनी खाटेवर बसल्या, खिडकीतून खाली बघितलं. एक माणूस सायकलला हवा भरत होता. "पडदा कुठं गेला?" त्यांनी विचारलं आणि हसायला लागल्या, हसता हसता रडल्या, आणि काकूही रडल्या, आणि विमावाले म्हणाले, मी म्हणत होतो ना. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की दारातली रबरी पायपुसणी आजपासून नियमात बसतात. कुठल्या नियमात, ते त्यांनाच ठाऊक.

चहा झाला, माणसं आपापल्या घरी गेली. सरांनी प्रत्येकाचे आभार मानायचे ठरवले होते, पण दारात प्रत्येकाला त्यांनी फक्त "जपून जा" एवढंच म्हटलं. लेक आईची औषधं लावत होती. सर बोळात एकटेच उरले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तळवा कपाटाला टेकून हलकेच रेटून बघितलं. कपाटाने त्यांना तेवढंच परत रेटलं.

"आभारी आहे," सर म्हणाले.

"कुणाशी बोलताय?" आतून वहिनींनी विचारलं.

"कुणाशी नाही."

"कपाटाशी असाल तर माझेही सांगा," वहिनी म्हणाल्या. "आणि थांबा तिथेच. किल्ली माझ्याकडे आहे, माझी शाल आत आहे. मीच येते काढायला."

आणि खाट करकरली.